हॉपर बाप झाला, रेलन झाला नाय: एकसारख्या वाटणाऱ्या दोन जोड्या

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर काढून ताडपत्रीखाली, त्यामुळे आमच्या मालवण साइडला पावसाळ्यात घरोघरी मोबाईलवर सिरीज चालू असतात (लाइट असेल तर, नायतर आधी डाऊनलोड करून ठेवायचं). या गप्पांत दोन जोड्या कायम एका माळेत ओवल्या जातात. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधले हॉपर आणि इलेव्हन, आणि 'जस्टिफाइड'मधले रेलन आणि लोरेटा. "अरे तेच ना, खडूस पोलीस, वाट चुकलेली पोरगी, शेवटी तो तिचा बाप होतो." पहिल्या जोडीबद्दल हे बरोबर आहे, दुसरीबद्दल साफ चूक. पुढे दोन्हींचे स्पॉयलर आहेत, बघायचं असेल तर आधी बघून या.

थोडक्यात ओळख. 'स्ट्रेंजर थिंग्ज' २०१६ ला नेटफ्लिक्सवर आली, जिम हॉपर हा हॉकिन्स नावाच्या काल्पनिक गावाचा पोलीस चीफ आणि इलेव्हन ही तिथल्या लॅबमधून पळालेली, मनाच्या शक्तीने वस्तू हलवणारी पोरगी. 'जस्टिफाइड' २०१० ते २०१५, रेलन गिव्हन्स हा डेप्युटी यूएस मार्शल, म्हणजे गावचा पोलीस नव्हे, फरार लोकांना पकडणारा केंद्राचा माणूस, पण बदली होऊन येतो ती थेट स्वतःच्या केंटकीत, जिथे हार्लन या त्याच्या मूळ भागातले निम्मे गुन्हेगार त्याच्या लहानपणीच्या ओळखीचे निघतात. लोरेटा मॅक्रेडी येते दुसऱ्या सीझनमध्ये, वय चौदाच्या आसपास, बाप गांजा पिकवणारा आणि पोरगी त्याच धंद्यात बापापेक्षा तयार.

आता हॉपर. त्याची मुलगी सारा कॅन्सरने गेलेली, तिचा निळा हेअरबँड तो मनगटात घालून फिरतो. त्यामुळे इलेव्हन त्याच्याकडे येते तेव्हा ती जागा आधीच रिकामी असते आणि ती भरायची त्याला घाई आहे, हे नीट बघितलं की कळतं. पण लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतात, की पहिल्या सीझनच्या शेवटी विल या गायब झालेल्या पोराला परत आणायला जाता यावं म्हणून याच माणसाने इलेव्हन कुठे लपलीय ते लॅबवाल्यांना सांगून टाकलेलं. सौदाच केला सरळ. त्यानंतर जंगलातल्या पेटीत तो तिच्यासाठी वॅफल ठेवून येतो ती माया आहेच, पण त्यात अपराधीपणा पण आहे, आणि माझ्या मते दुसऱ्या सीझनमधला त्याचा सगळा कडकपणा तिथूनच येतो.

तो तिला आजोबांच्या जुन्या केबिनमध्ये ठेवतो आणि नियम लावतो: पडदे बंद, ठरलेली टकटक झाल्याशिवाय दार उघडायचं नाय, एकटीने बाहेर पडायचं नाय. हॅलोविनला सव्वापाचला घरी येतो म्हणून सांगतो आणि येत नाय, ती घड्याळाकडे बघत बसते. मग ती गुपचूप शाळेपर्यंत जाऊन येते आणि घरात जे भांडण होतं ते मला पूर्ण सिरीजमधलं सगळ्यात खरं वाटतं, राक्षस वगैरे बाजूला ठेवा. तो ओरडतो, टीव्ही बंद करतो, ती शक्ती वापरून पुस्तकं फेकते, सोफा ढकलते, खिडक्यांच्या काचा फोडते, आणि म्हणते तू पापासारखाच आहेस. पापा म्हणजे डॉक्टर ब्रेनर, ज्याने तिला लॅबमध्ये कोंडून वाढवलं. हा आरोप अगदीच खोटा नाय हीच तर गंमत आहे. दोघांनी तिला कोंडलं, दोघांनी तिच्या भल्यासाठी म्हणूनच कोंडलं. फरक एवढाच की हॉपर नंतर माफी मागतो, चुकलो म्हणतो, मी मूर्खपणा केला म्हणतो, ब्रेनरच्या तोंडून तसा शब्द निघणं कठीण. शेवटी लॅबचा नवा प्रमुख डॉक्टर ओवेन्स बनावट जन्मदाखला आणून देतो, नाव जेन हॉपर, आणि साराचा तो हेअरबँड शाळेच्या डान्सला इलेव्हनच्या मनगटात दिसतो. इथे बाप होणं कागदावर पण झालं आणि अंगावर पण.

आमची काकी एकदा भाजी निवडता निवडता हे बघत होती, मध्येच विचारते, "ह्यो पोलीस त्या चेडवाचो बापूस काय रे?" नाय म्हटलं तर, "मगे तेका जेवक कित्याक घालता?" काकीचा हिशोब सरळ, जो रोज जेवायला घालतो आणि रोज ओरडतो तो बाप. कोकणात असंच असतं पण, बाप मुंबईत चाकरमानी, पोर आजोळी नायतर काकाच्या घरात, त्यामुळे दुसऱ्याचं पोर धाकात वाढवणं इथे कोणाला नवल वाटत नाय. हॉपर म्हणूनच लगेच कळतो.

रेलन या हिशोबात बसतच नाय. स्वतः कधी मोटेलात, कधी बारच्या वरच्या खोलीत राहणारा माणूस, लोरेटाला जेवायला कुठे घालणार? तो तिला एका नराधमाच्या तावडीतून सोडवतो, सांगून ठेवतो अडचण आली तर कळव, आणि निघून जातो. पोलीस पाटील आठवा, १९६७ च्या कायद्याने नेमलेला, मानधनावरचा, त्याच गावचा माणूस. कोणाचा झील रात्री वाळूत बाटली घेऊन बसतो आणि कोणाचा बाप घर सोडून गेलाय हे त्याला कोणी न सांगता माहीत असतं, पण म्हणून तो कोणाला उचलून घरी नेत नाय. रेलन लोरेटाला तसा ओळखतो. त्याचा स्वतःचा बाप आर्लो पक्का गुन्हेगार, इतका की तिसऱ्या सीझनमध्ये हॅट घातलेला माणूस बघून गोळी झाडतो, हॅटखाली कोण आहे ते बघायची तसदी न घेता, आणि हॅट ही रेलनची ओळख. असल्या घरात वाढलेल्याला तसल्याच घरातली पोरगी लांबून ओळखता येते. हॉपरला इलेव्हनमध्ये गेलेली मुलगी दिसते, रेलनला लोरेटामध्ये स्वतः दिसतो.

लोरेटाला खरं घरात कोण घेतं तर मॅग्स बेनेट, डोंगरातली गांजासम्राज्ञी. आणि तेही कधी? लोरेटाच्या बापाला मारल्यावर. समोर बसून त्याला घरगुती दारू पाजते, आपण पण पिते, आणि विष दारूत नव्हतं, आधीपासून त्याच्या ग्लासात होतं. मग पोरीला सांगते बाप कामाला लांब गेलाय, आणि तिला आईसारखं जपते. खरंच जपते, नाटक नाय ते. मार्गो मार्टिनडेलला या भूमिकेसाठी २०११ ला एमी (अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाला आणि तो याच सीन्ससाठी मिळाला असावा असं मी धरून चालतो. पुढे मॅग्सच्या पोराकडे, कूव्हरकडे, लोरेटाच्या बापाचं घड्याळ दिसतं आणि तिला सगळं कळतं, कूव्हर तिला खाणीच्या विहिरीत टाकायला निघतो, रेलन त्याला गोळी घालतो.

इथे हॉपर असता तर पोरीला गाडीत घालून घरी घेऊन गेला असता. रेलन तिला फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने ठरवलेल्या परक्या कुटुंबात, जाऊ देतो. पहिल्यांदा बघताना हे कोरडं वाटतं. पण आपल्याकडचा नियम बघा ना, बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे असं पोर पोलिसाला मिळालं तर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, पुढे कुठे ठेवायचं ते समिती ठरवणार. सिंधुदुर्गात कोणी हॉपरसारखं पोरीला वर्षभर रानातल्या खोपीत लपवलं आणि खोटा जन्मदाखला केला तर पेपरात त्याचं कौतुक नाय, गुन्हा दाखल झाल्याची बातमी येईल. कायद्याच्या हिशोबाने रेलन बरोबर आणि हॉपर आरोपी, आणि तरी पोरगी आपल्याला हॉपरच्या घरात सुरक्षित वाटते, हा सिरीजवाल्यांचा खेळ.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी लोरेटा पिस्तूल घेऊन मॅग्सकडे पोचते. पायात गोळी घालते पण. रेलन पोटाशी गोळी लागलेल्या अवस्थेत तिथे आहे, आणि तो तिला बाळा वगैरे काय म्हणत नाय, हे केलंस तर मागे फिरता येणार नाय एवढंच समजावतो, मोठ्या माणसाशी बोलावं तसं. ती थांबते. हॉपरला असं बोलताच आलं नसतं, तिसऱ्या सीझनमध्ये मनातलं सांगायला तो भाषण लिहून काढतो आणि ते न वाचता पोरीच्या बॉयफ्रेंडला गाडीत बसवून दम देतो. दार तीन इंच उघडं ठेवायचं हा त्याचा नियम. बाप माणूस, दुसरं काय करणार.

आणि रेलनने लोरेटाला सुधारलं पण नाय बरं का. तिसऱ्या-पाचव्या सीझनमध्ये ती परत गांजाच्या भानगडीत, सहाव्यात तर हार्लनमध्ये जमीन घेऊन धंद्याची तयारी. तो वैतागतो, टोमणे मारतो, गरज पडली की मध्ये पडतो. त्याच काळात त्याची स्वतःची मुलगी विला फ्लोरिडात आहे आणि तिला भेटायला जायचं तो काहीतरी कारण काढून पुढे ढकलतोय. लोरेटाशी तो इतका चांगला वागू शकतो कारण ती त्याची कोणी लागत नाय असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर २०२३ ची 'जस्टिफाइड: सिटी प्रायमेव्हल' बघा, त्यात विला पंधराची आहे, रेलन करणाऱ्या टिमथी ऑलिफंटच्या खऱ्या मुलीनेच केलंय ते काम, आणि तिच्यासमोर हा एवढा हजरजबाबी माणूस कसा अडखळतो ते मोजत बसा.