जेएनआयमधली स्ट्रिंग आणि 'मॉडिफाइड यूटीएफ-८': पार्श्वभूमी
जावा १९९६ च्या जानेवारीत आली ती १६ बिटांचा 'चार' (char, एक अक्षर ठेवायचा प्रकार) घेऊन. त्याच वर्षी युनिकोड २.० मध्ये सरोगेट जोड्या (एका अक्षरासाठी १६ बिटांची दोन एककं) आल्या आणि १६ बिट अपुरे ठरले, पण आराखडा तोवर पक्का झाला होता. १९९७ मध्ये जेडीके १.१ (जावाचा विकाससंच) सोबत जेएनआय, म्हणजे जावा आणि सी कोड जोडणारा दुवा, आलं.

सी कोडच्या हाती स्ट्रिंग कशी द्यायची, याचं उत्तर आयतंच उचललं गेलं. जावाच्या संकलित क्लास फाइलमध्ये मॉडिफाइड यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ पद्धतीचं बदललेलं रूप) आधीपासून होतं, तेच पुढे केलं. त्यात यू+०००० हे अक्षर 'सी० ८०' असं दोन बाइटांत लिहितात, म्हणजे मधेच शून्य बाइट येऊन सीची स्ट्रिंग तुटत नाही. इथवर शहाणपणाचं. पण यू+एफएफएफएफच्या पलीकडचं अक्षर खऱ्या यूटीएफ-८ मध्ये ४ बाइटांचं, तर इथे जोडीतला प्रत्येक सरोगेट सुटा लिहून ६ बाइटांचं. जावा चालवणारं व्हर्च्युअल मशीन लिहिणाऱ्यांचं काम वाचलं, भार बाइंडिंग (जावा आणि सी जोडणारा कोड) लिहिणाऱ्यांवर पडला.

देवनागरीत चाचणी केली तर हा दोष दिसतच नाही, कारण तिची अक्षरं दोन्हींत ३ बाइटांचीच. मोडी मात्र २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये यू+११६०० पासून पुढे बसली. मोडीतला 'अ' खऱ्या यूटीएफ-८ मध्ये 'एफ० ९१ ९८ ८०', जेएनआयमध्ये 'ईडी ए० ८५ ईडी बी८ ८०'. जावाची स्ट्रिंग सीला देणाऱ्या गेटस्ट्रिंगयूटीएफचार्सकडून आलेले हे सहा बाइट काटेकोर लायब्ररी नाकारते. उलट सीच्या बाइटांतून जावा स्ट्रिंग बनवणाऱ्या न्यूस्ट्रिंगयूटीएफला खऱ्या यूटीएफ-८ चे चार बाइट दिले, तर अँड्रॉइडवर चेकजेएनआय या तपासणीने 'इललीगल स्टार्ट बाइट' म्हणत ॲप पाडल्याचे प्रकार इमोजींमुळे भरपूर झाले.

स्ट्रिंगचा तुकडा बफरमध्ये उतरवणाऱ्या गेटस्ट्रिंगयूटीएफरीजनची खोड वेगळी. लांबी १६ बिटांच्या एककांत मागतं, लिहितं मात्र बाइट. 'मराठी' म्हणजे ५ एककं, १५ बाइट. एककं मोजून, शेवटचा शून्य धरून ६ बाइटांचा बफर दिला की शेजारची मेमरी खराब. एककांच्या तिप्पट अधिक १ एवढी जागा हवी.

२००४ च्या जावा ५ ने भाषेत सरोगेट सांभाळले, जेएनआयची ही फंक्शनं तशीच राहिली. २०१७ मध्ये जावा ९ ने लॅटिन-१ (इंग्रजी व पश्चिम युरोपीय अक्षरं) मजकूर दर अक्षरी एका बाइटात साठवायला घेतला. तेव्हापासून हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनमध्ये गेटस्ट्रिंगक्रिटिकल (स्ट्रिंगची १६ बिटांची एककं देणारं फंक्शन) अशा स्ट्रिंगची नक्कल करून देतं, देवनागरीला अजून थेट पॉइंटर मिळू शकतो. जेडीके १८ ने यूटीएफ-८ हा डीफॉल्ट केला, त्याचाही इथे उपयोग नाही. म्हणून खात्रीची वाट जुनीच: जावाच्या बाजूला गेटबाइट्सला यूटीएफ-८ सांगून बाइट ॲरे पाठवायचा, लांबीसकट.

जेडीके २२ मध्ये कायम झालेली फॉरेन फंक्शन एपीआय (सी कोड बोलावायची जेएनआयऐवजीची वाट) मुळातच खरं यूटीएफ-८ देते. मात्र तिथे यू+०००० परत एकाच शून्य बाइटाचं होतं, आणि तिचं गेटस्ट्रिंग वाचताना तिथेच थांबतं.