रेप्लिका जर्सी आणि डुप्लिकेट जर्सी: गल्लत नेमकी कुठे होते

आवडत्या फुटबॉल संघाची जर्सी ऑनलाइन शोधायला गेलं की ‘रेप्लिका’ हे लेबल दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावलेलं सापडतं. एक जर्सी क्लबचा परवाना असलेल्या कंपनीनेच चाहत्यांसाठी काढलेली. दुसरी, कोणाचीही परवानगी न घेता संघाचं बोधचिन्ह आणि कंपनीचा लोगो लावून विकलेली. ही दुसरी विकणारे ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘प्लेअर क्वालिटी’ अशी नावं पुढे करतात आणि सरळ माणूस गोंधळतो.

हातात घेतल्यावर फरक कळेलच, हेही अर्धंच खरं. मोठ्या कंपन्या बहुधा एकाच जर्सीचे दोन अधिकृत प्रकार काढतात. खेळाडूंची जर्सी अंगाबरोबर बसणारी, हलकी, हवा खेळती राहावी अशा विणीची. तिच्यावरचं बोधचिन्ह सहसा उष्णता देऊन चिकटवलेलं असतं, म्हणजे वजनही वाढत नाही आणि आतून टोचतही नाही. चाहत्यांची रेप्लिका सैल, थोडी जाड, आणि तिचं बोधचिन्ह बहुतेक वेळा शिवलेलं. त्यामुळे ‘चिकटवलेलं म्हणजे डुप्लिकेट, शिवलेलं म्हणजे ओरिजिनल’ हा ठोकताळा साफ चुकतो. त्यापेक्षा जर्सी उलटी करून आतल्या शिवणीला लावलेली छोटी पट्टी पाहावी. तिथला मालाचा कोड इंटरनेटवर टाकला की तीच जर्सी, तोच हंगाम, तोच रंग समोर यायला हवा. डुप्लिकेटवर कित्येकदा भलत्याच कपड्याचा कोड निघतो, कारण एकच लेबल सगळ्या मालाला लावलेलं असतं. कोड जुळला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. तोही उचलता येतो.

लोक डुप्लिकेट का घेतात, याचं उत्तर ‘स्वस्त मिळते म्हणून’ एवढ्यावर संपत नाही. क्लब दर हंगामाला घरच्या मैदानाची, बाहेरच्या मैदानाची, वर तिसरीही जर्सी काढतात. वाढत्या वयाच्या मुलाला गेल्या वर्षीची होत नाही. शिवाय पैसे असूनही खरी जर्सी मिळत नाही, असंही होतं. २०१८च्या विश्वचषकाआधी नायजेरियाची हिरवी-पांढरी जर्सी बाजारात येताच संपली आणि खुद्द नायजेरियात नकली जर्सींचा सुकाळ झाला. २०२३मध्ये मेस्सी अमेरिकेतल्या इंटर मायामी क्लबात गेला तेव्हाही गुलाबी जर्सीसाठी चाहत्यांना काही महिने थांबावं लागलं. ती पोकळी डुप्लिकेटवाल्यांनी भरली. आपला संघ खेळतोय तो आज. जर्सीही आजच अंगावर हवी असते, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

किमतीबद्दलचा रागही खोटा नाही. ब्रिटनमध्ये २००३ साली बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने रेप्लिका जर्सींच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल दहा कंपन्यांना मिळून १.८६ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. त्यांत बनवणारे होते, दुकानदार होते आणि मँचेस्टर युनायटेड हा क्लबही होता. म्हणजे चाहत्यांच्या निष्ठेचा गैरफायदा अधिकृत बाजूनेही घेतला गेला आहे, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

तरीही डुप्लिकेट ही त्यावरची शिक्षा ठरत नाही. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या मैदानाबाहेर १९७०पासून एक विक्रेता संघाच्या नावाचा माल विकत असे. माल अधिकृत नाही, अशी पाटीही त्याने लावली होती. क्लबने दावा केला. लोक हे चिन्ह निष्ठेची खूण म्हणून घालतात, माल कोणी बनवला ते सांगायला नव्हे, असा युक्तिवाद विक्रेत्याच्या बाजूने झाला. युरोपीय न्यायालयाने २००२मध्ये तो मानला नाही: पाटी टपरीवरच राहते, माल गावभर फिरतो आणि पाहणाऱ्याला तो क्लबचाच वाटू शकतो. २००३मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला. मला त्या विक्रेत्याबद्दल सहानुभूती आहे, त्याने गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं. पण आजचा बहुतेक डुप्लिकेट माल तसली पाटी लावून येत नाही. उलट त्यावर होलोग्राम आणि खोटे टॅगसुद्धा असतात.

माझ्या मते खरा फरक इथे आहे: माल कोणी बनवला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा. अधिकृत लेबल असलं म्हणजे मजुरांची पिळवणूक होत नाही, असं मुळीच नाही. १९९०च्या दशकात पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये नामांकित कंपन्यांचे फुटबॉल लहान मुलं शिवत होती. पण चेंडूवर कंपनीचं नाव होतं, म्हणून बोंब मारता आली, आणि १९९७मध्ये स्थानिक उद्योग, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात बालमजुरी संपवण्यासाठी करार झाला. डुप्लिकेट जर्सी शिवणाऱ्या पोराचा पत्ता कोणाला विचारणार? लेबलवर नाव आहे ते तिसऱ्याचंच. रंग अंगाला लागून पुरळ उठलं तरी दाद मागायला दार नाही. कायद्याचा बडगा बहुतेक ठिकाणी विकणाऱ्यावर पडतो. इटलीसारख्या देशात मात्र घेणाऱ्यालाही दंड होतो.

क्लबच्या मालकाला एक पैसाही द्यायचा नाही, असं ज्याला मनापासून वाटतं त्याला स्वच्छ वाट मोकळी आहे. २०१०मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. ते रंग न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ नावाच्या काळातले. मालकाकडून काही विकत न घेताही निष्ठा सगळ्या मैदानाला दिसली. बिनलोगोचा साधा रंगीत शर्ट हेच काम करतो.

आणि जर्सीच हवी असेल तर नवा हंगाम सुरू होताना मागच्या हंगामाची अधिकृत जर्सी बऱ्याचदा सवलतीत निघते. पाठीवर नाव-क्रमांक न छापता घेतली तर आणखी स्वस्त पडते, आणि खेळाडू क्लब सोडून गेला तरी चालते.