घटातलं पिवळं धन

गेल्या नवरात्रात अष्टमीच्या सकाळी मावशीचा फोन आला. "अरे, यंदा धन हिरवं आलंय रे. आमचं काही चुकलं का?"

मावशीकडे घट बसतात ते तिच्या सासूबाईंच्या काळापासून. पत्रावळीवर शेतातली काळी माती, मधोमध घट, भोवती गहू-ज्वारी पेरलेली, वर रोज एक माळ. दसऱ्याला घट उठले की ते वीतभर वाढलेलं, पिवळंधमक, लुसलुशीत धन टोपीत खोवायचं, कानावर ठेवायचं. यंदा मात्र ते शेतातल्या गव्हासारखं हिरवं आणि बुटकं आलं होतं. त्यात कुणीतरी तिला फोनवर संदेश धाडलेला: पिवळं धन म्हणजे भरभराट, दुसऱ्या कुठल्याही रंगाचं म्हणजे देवीचा कोप.

मी तिला एवढंच विचारलं की देवघरात यंदा काय बदललं. जुन्या घरी घट माजघरात बसायचे. तिथे भरदुपारीही समईचाच काय तो उजेड. यंदा ती नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि मुलाने हौसेने देवघराला पांढऱ्या एलईडीची पट्टी लावून दिली. ती नऊ दिवस, नऊ रात्री अखंड चालू होती. धनाचा रंग त्या पट्टीने बदलला. घटाभोवती धान्य पेरणं ही रब्बीच्या पेरणीआधी बियाणं कितपत उगवतं हे पाहण्याची जुनी रीत असावी असं म्हणतात, आणि मला ते पटतं. किती दाणे उगवले यावरून बियाण्याचा कस कळतो. रंगावरून मात्र त्या कोपऱ्यात उजेड किती होता हेच कळतं, घराचं पुढचं वर्ष नव्हे. अशा संदेशांनी एका सत्तरीच्या बाईची ऐन सणात झोप उडते, याचा मला मनापासून राग येतो.

शाळेत आपण शिकलो की उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून रोप पिवळं पडतं. हे खरं आहे, पण त्यामुळे डोळ्यांसमोर एक उपाशी, आजारी रोप उभं राहतं. प्रत्यक्षात अंधारातलं रोप पूर्ण तयारीत असतं. मातीखाली रुजलेल्या दाण्याला फक्त आपली शिदोरी ठाऊक असते. ती संपायच्या आत उजेड गाठायचा असतो. म्हणून सगळी शिदोरी उंचीवर खर्च करायची, पान उलगडायचं नाही, गुंडाळी तशीच ठेवायची. हरितद्रव्याचं काम त्याने टाळलेलं नसतं. ते शेवटच्या एका पायरीआधी थांबवून ठेवलेलं असतं, आणि त्या पायरीवर माझा फार जीव आहे.

हरितद्रव्याची सुरुवात होते ग्लुटामिक आम्लापासून. अजिनोमोटोमुळे ज्याचं नाव आपण ऐकलेलं असतं तेच. त्यापासून एक छोटा रेणू बनतो. असे आठ रेणू जोडत जोडत चार कड्यांचं एक मोठं कडं तयार होतं. इथे रस्ता फुटतो. कड्याच्या मधोमध लोह बसवलं तर हीम तयार होतं, म्हणजे आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचा गाभा. मॅग्नेशियम बसवलं तर वाट हरितद्रव्याकडे वळते. हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1930चं नोबेल मिळालं ते या दोन्हींच्या रचनेवरच्या कामासाठी.

या साम्यामुळेच गव्हांकुराच्या रसाला 'हिरवं रक्त' म्हणून विकलं जातं. रस प्यायला हरकत नाही. पण प्यायलेल्या हरितद्रव्याचं शरीरात हिमोग्लोबिन होत नाही. आम्ल लागताच त्यातलं मॅग्नेशियम निसटतं. चिंच घातलेलं अळूचं फतफतं शिजल्यावर मळकट हिरवं होतं ते याच कारणाने, आणि पोटातही आम्लच असतं. आपलं हीम आपलं शरीर स्वतः घडवतं, त्याला गव्हाचं कडं लागत नाही.

हरितद्रव्यात लोह नसतं, तरी उसाला लोह कमी पडलं की पानं पिवळी-पांढरी पडतात आणि शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. याचं कारण असं की कड्यावर पुढे जे घडणकाम होतं त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लोहाशिवाय चालत नाही. म्हणून हिराकस फवारल्यावर ऊस पुन्हा हिरवा होतो.

आता ती शेवटची पायरी. मॅग्नेशियम बसलं, घडणकाम झालं, की जो रेणू मिळतो त्याचं नाव प्रोटोक्लोरोफिलाइड. हरितद्रव्यात आणि त्याच्यात मुख्य फरक राहतो तो चौथ्या कड्यातल्या एका दुहेरी बंधाचा. तिथे दोन हायड्रोजन जोडायचे, मागून एक लांब शेपूट लावायचं, झालं हरितद्रव्य. हे हायड्रोजन जोडणारं विकर थोडक्यात 'पोर' म्हणून ओळखलं जातं. त्यातला एक हायड्रोजन द्यायला एनएडीपीएच नावाचा रेणू शेजारीच तयार बसलेला असतो. विकर आहे, कच्चा माल आहे, हायड्रोजन देणारा आहे, तिघे एकमेकांना घट्ट धरून आहेत, आणि तरीही काहीच घडत नाही. कारण या विकराला चालायला प्रकाश लागतो. प्रोटोक्लोरोफिलाइडने स्वतः एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, गिळला की त्याचे इलेक्ट्रॉन उसळतात, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत दोन्ही हायड्रोजन जागेवर बसतात. थेट प्रकाशाच्या जोरावर चालणारी विकरं साऱ्या जीवसृष्टीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडली आहेत. एक डीएनएची दुरुस्ती करतं, एक सूक्ष्म शैवालांत 2017 साली सापडलं, आणि एक हे, दर गव्हाच्या, दर मुगाच्या रोपात असणारं.

अंधारातल्या पेशीत ही त्रिकुटं विखुरलेली नसतात. हरितलवकाच्या जागी तिथे एक अर्धवट कोश असतो. त्याच्या पोटात पटलांच्या बारीक नळ्या एकमेकींत गुंफून स्फटिकासारखी नेटकी जाळी झालेली असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली तिची छायाचित्रं पाहिली तर कुणी रांगोळीच्या ठिपक्यांवर विणकाम केलंय असं वाटतं. त्या जाळीत 'पोर' आणि त्याचा माल खच्चून भरलेला असतो. उजेड पडला की जाळी विस्कटते, तिच्याच नळ्या पसरून चपटी पटलं होतात आणि त्यांवर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा उभी राहते.

मग अंधारात हा माल साठतच का जात नाही? कारण तो धोकादायक आहे. मोकळा प्रोटोक्लोरोफिलाइड उजेडात आला की गिळलेली ऊर्जा ऑक्सिजनला देतो, आणि तो खवळलेला ऑक्सिजन पेशी जाळून टाकतो. म्हणून अंधारात थोडा साठा झाला की 'फ्लू' नावाचं प्रथिन अगदी पहिल्या पायऱ्यांपाशीच कारखाना थांबवतं. झुरिचमधल्या शास्त्रज्ञांनी 2001 साली हे प्रथिन नसलेली रोपं शोधून काढली. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीची ती रोपं. अखंड उजेडात ती छान वाढतात. अंधारात ठेवून मग उजेडात आणली की मरतात. एका रात्रीचा अंधार त्यांना पुरतो.

पाइनसारख्या बहुतेक सूचीपर्णी झाडांकडे 'पोर'शिवाय आणखी एक, अंधारातही चालणारं विकर असतं. त्यामुळे पाइनचं रोप डब्यात कोंडलं तरी हिरवं होतं. फुलं धरणाऱ्या वनस्पतींनी उत्क्रांतीत ते विकर गमावलं. गहू, ज्वारी, मूग सगळे यातलेच, म्हणून घटातलं धन पिवळं.

पण हे झालं हिरवं का नाही याचं उत्तर. पिवळं का, हे राहिलंच. तो रंग कॅरोटिनॉइड्सचा, मुख्यतः ल्यूटीनचा. घटावर सोडलेल्या झेंडूच्या माळेतही ल्यूटीनच असतं, म्हणजे माळ आणि तिच्याखालचं धन एकाच रंगाने रंगलेले असतात. हळदीचा पिवळा मात्र वेगळा, त्याचा या घराण्याशी संबंध नाही. कॅरोटिनॉइड पाच-पाच कार्बनच्या तुकड्यांपासून बनतात. चार तुकडे जोडून वीस कार्बनची साखळी होते, तशा दोन साखळ्या जुळल्या की चाळीस कार्बनचा फायटोइन हा रंगहीन रेणू मिळतो. मग त्यात एकाआड एक दुहेरी बंध वाढत जातात, तसतसा रेणू निळा प्रकाश शोषायला लागतो आणि आपल्याला तो पिवळा, नारिंगी, लाल दिसतो. वीस कार्बनच्या त्याच साखळीपासून हरितद्रव्याचं शेपूटही बनतं.

या कामाची किल्ली फायटोक्रोम नावाच्या प्रथिनाकडे आहे. त्याचा सुगावा 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांना लेट्यूसच्या बियांवरून लागला. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश त्याला जागं करतो, 730च्या आसपासचा अतिलाल परत झोपवतो. अंधारात 'पिफ' नावाची प्रथिनं पेशीकेंद्रात जनुकांवर बसून असतात. दोन वीस-वीस कार्बनच्या साखळ्या जुळवणाऱ्या विकराचं जनुकही त्यांनी दाबून धरलेलं असतं. म्हणून अंधारात कॅरोटिनॉइड बनतात, पण बेताने. उजेड पडला की जागा झालेला फायटोक्रोम केंद्रात शिरतो, काही मिनिटांत पिफ मोडीत निघतात, आणि कॅरोटिनॉइड आणि हरितद्रव्य यांचे कारखाने बरोबरच वेग घेतात. रोपाला उंच करत राहणारी प्रथिनंही पिफच. म्हणून पिवळं धन उंच आणि हिरवं धन बुटकं. मावशीला खटकलेल्या दोन गोष्टींचं मूळ एकच होतं.

दोन्ही कारखाने बरोबर सुरू होणं हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. हरितद्रव्यही जादा उजेडात ऑक्सिजनला खवळवतं, आणि कॅरोटिनॉइड शेजारी उभं राहून ती ऊर्जा स्वतःवर घेतं, तिची उष्णता करून टाकतं. नॉरफ्लुराझॉन हे तणनाशक फायटोइनच्या पुढची पायरी अडवतं. कॅरोटिनॉइड बनत नाहीत आणि नवी पानं उन्हात पांढरीफटक येतात. म्हणजे पिवळा रंग नसला तर हिरवाही टिकत नाही.

मावशीच्या फोननंतर मी घरी दोन वाट्यांत गहू पेरले, एक खिडकीत, एक स्टीलच्या डब्यात झाकण लावून. आठव्या दिवशी सकाळी दहाला डबा उघडला. आतले गहू उंच, पिवळे, पानांची गुंडाळी तशीच. वाटी खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत शेंड्यांवर हिरवी झाक आली, दुसऱ्या दुपारी पानं उलगडून हिरवी झाली. उंची मात्र तशीच राहिली, वाढलेलं काही परत आखडत नाही. फायटोक्रोम जागा व्हायला क्षणभराचा उजेड पुरतो, पण हरितद्रव्याचा अंधारातला साठा थोडाच असतो, बाकीचे रेणू पहिल्या पायरीपासून घडवावे लागतात, म्हणून हिरवं व्हायला हा एवढा वेळ.

दसऱ्याला मी मावशीकडे गेलो होतो. तिने तेच हिरवं धन माझ्या टोपीत खोवलं. पत्रावळ उचलताना आम्ही वाकून पाहिलं. घटाच्या मागच्या बाजूला, जिथे पट्टीचा उजेड पोचत नव्हता, तिथली दहाबारा रोपं बाकीच्यांपेक्षा उंच होती आणि बुडापासून बोटभर पिवळीच राहिली होती.