रॉकेलच्या पंपापासून ग्रास कटरपर्यंत: व्हॉल्व्हची जागा का बदलली

गणेशाची चवथ जवळ आली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घराभोवतालचं गवत काढायची घाई सुरू होते आणि दुरुस्तीच्या दुकानांत ग्रास कटर रांगेने येऊन पडतात. तिथेच कोपऱ्यात बहुधा एखादा जुना रॉकेलचा पंपही असतो. या दोन इंजिनांमधला मोठा फरक व्हॉल्व्हचा, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा.

पंपाचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं. दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे. खालून कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) टॅपेट नावाच्या छोट्या ठोकळ्याला ढकलतो, टॅपेट व्हॉल्व्हला. हेड म्हणजे बोल्टांनी आवळलेलं झाकण. ते उचललं, कार्बन खरवडला, की काम झालं. बनवायलाही स्वस्त. 1953 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने अशा इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा ओतला. इंजिन हलकं झालं आणि तिथल्या घरोघरच्या लॉनमोवरवर बसलं.

खोट होती ती ज्वलनाच्या जागेत. ती व्हॉल्व्हच्या माथ्यावरून आडवी पसरते, त्यामुळे बरीच उष्णता भिंतींतच जिरते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश इंजिनिअर हॅरी रिकार्डो यांनी हेडचा आकार बदलून मिश्रण घुसळायची सोय केली. तरी छोट्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, सहास एकच्या आसपासच रेंगाळलं. आपल्याकडे मात्र हीच खोट पथ्यावर पडली. रॉकेलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता) कमी, जास्त दाब दिला की इंजिन ठोकायला लागतं. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते चालायचं: पेट्रोलवर सुरू करा, तापलं की कॉक रॉकेलकडे फिरवा.

1983 मध्ये होंडाच्या जीएक्स इंजिनांची मालिका आली. व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, कॅम खालीच राहिला, मध्ये ढकलणारी दांडी (पुशरॉड) आणि व्हॉल्व्ह दाबणारी तरफ (रॉकर) आली. उंची वाढू नये म्हणून सिलिंडर 25 अंशांत कलता ठेवला. कॉम्प्रेशन वाढलं, तेवढ्याच कामाला पेट्रोल कमी लागू लागलं. मेकॅनिकला खरी मोकळीक दिली ती रॉकरवरच्या नटाने, असं मला वाटतं. साइड व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह आणि टॅपेटमधली फट (गॅप) कमी झाली तर व्हॉल्व्ह काढून दांड्याचं टोक घासावं लागे, आणि जास्त घासलं तर व्हॉल्व्ह फुकट. जीएक्स 160 मध्ये इंजिन थंड असताना इनटेकला 0.15 आणि एक्झॉस्टला 0.20 मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायची, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा.

ग्रास कटरची वाट वेगळी. त्याचं इंजिन मुळात टू-स्ट्रोकचं, आणि त्यात असे व्हॉल्व्हच नसतात. पिस्टनच सिलिंडरच्या भिंतीतली भोकं (पोर्ट) उघडतो-झाकतो आणि थोडं न जळलेलं मिश्रण धुराबरोबर निसटतं. कॅलिफोर्नियाने 1995 पासून आणि अमेरिकी केंद्र सरकारने 1997 पासून अशा छोट्या इंजिनांच्या धुरावर मर्यादा घातल्या, तसे हातात धरायचे फोर-स्ट्रोक पुढे आले. होंडाच्या जीएक्स 25 मध्ये तर कॅमही वर हेडमध्ये, ऑइलमधून फिरणाऱ्या पट्ट्यावर. काजूच्या उतारावर मशीन हवं तसं तिरकं धरलं तरी ते चालतं.

जर्मन कंपनी श्टीलच्या फोर-मिक्स इंजिनात व्हॉल्व्ह फोर-स्ट्रोकसारखे आहेत, पण खाली ऑइल साठवायची टाकीच (संप) नाही. वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-स्ट्रोक ऑइलमधूनच. व्हॉल्व्ह दिसले म्हणून त्यात नुसतं पेट्रोल ओतलं, तर ते इंजिन जाम होतं.