गुपचूप सटकल्याने मूल रुळत नाही

जूनमध्ये बालवाडीच्या फाटकाशी हमखास मिळणारा सल्ला: ‘खेळण्यात रमलं की गुपचूप सटका, म्हणजे रडणार नाही.’ चूक. ते रडतंच, फक्त आपल्याला दिसत नाही. मान वर करून बघतं तर आई गायब! दुसऱ्या दिवशी मग ओढणीचं टोक मुठीतून सुटत नाही, कारण आता पहारा ठेवायला हवा ना.

दुराव्याची ही भीती साधारण ८व्या महिन्यापासून दिसते आणि बहुतेक मुलांत ३ वर्षांच्या आसपास ओसरू लागते. लाडांमुळे ती येत नाही (आजीला उगाच बोल लावू नका).

‘डबा खाऊन झाला की मी येते’ असं सांगून, टाटा करूनच निघा. ‘साडेअकरा’ त्याला कळत नाहीत, डबा कळतो. थोडं रडेल. पण डब्यानंतर खरंच फाटकाशी हजर राहा.