महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची तयारी

दर वर्षी शिक्षकदिनी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार दिले जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण २०२३ पासून हा पुरस्कार महाविद्यालयं, विद्यापीठं आणि पॉलिटेक्निकमधल्या शिक्षकांनाही मिळू लागला आहे, ही बातमी इंदूरच्या कितीतरी स्टाफरूममध्ये अजून नीट पोचलेली नाही. त्याआधी तो शाळांपुरताच होता. राष्ट्रीय शिक्षण धोरणाला धरून त्याची व्याप्ती वाढवली गेली आणि २०२३ मध्ये उच्च शिक्षणातल्या १३, २०२४ मध्ये १६, तर २०२५ मध्ये २१ शिक्षकांची निवड झाली. पुरस्कारात प्रशस्तिपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये रोख असतात.

एवढ्या मोठ्या देशातून एवढीच नावं, मग आपल्या महाविद्यालयाचा नंबर कुठला लागणार, असं ऐकायला मिळतं. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. या पुरस्काराच्या मूल्यमापनात चार गोष्टी पाहिल्या जातात: अध्यापनाची परिणामकारकता, समाजाभिमुख उपक्रम, संशोधन व नवोपक्रम, आणि प्रायोजित संशोधन, शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम किंवा सल्लासेवा. यांत सर्वाधिक वजन पहिल्या दोन गोष्टींना आहे. म्हणजे पन्नास शोधनिबंध नावावर नसलेला, पण वर्गात जीव ओतून शिकवणारा आणि मुलांच्या मागे उभा राहणारा शिक्षक इथे मागच्या बाकावर बसत नाही. १८९१ पासून चालत आलेल्या होळकर विज्ञान महाविद्यालयात काय, मोती तबेल्याच्या कन्या महाविद्यालयात काय, असे शिक्षक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांचं काम कागदावर येत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून पात्रतेपेक्षा कागदांबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

पात्रता

अर्जदार नियमित नेमणुकीवरचा शिक्षक हवा. पदवी किंवा पदव्युत्तर वर्गांना पूर्णवेळ शिकवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. आणि अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या तारखेला वय ५५ पेक्षा जास्त नको.

वयाची ही अट मध्य प्रदेशात जरा बोचते. इथे महाविद्यालयीन प्राध्यापक ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे सेवेची शेवटची दहा वर्षं, जेव्हा माणूस सगळ्यात मुरलेला असतो, या पुरस्कारासाठी हिशेबात येत नाहीत. अट बदलणं आपल्या हातात नाही. पण पन्नाशीच्या आसपास असलेल्या सहकाऱ्याला "पुढच्या वर्षी बघू" असं मात्र कोणी म्हणू देऊ नये.

कुलगुरू, संचालक आणि प्राचार्य या पदांवरच्या व्यक्तींना अर्ज करता येत नाही, मग ते कायम असोत की प्रभारी. आपल्याकडे अनेक शासकीय महाविद्यालयांत ज्येष्ठ प्राध्यापकाकडेच प्राचार्यपदाचा प्रभार असतो, आणि ते वर्गही घेत असतात. तरीही प्रभार आहे तोवर ते अपात्र. प्रभार सुटला, वय ५५ च्या आत आहे आणि माणूस अजून सेवेत आहे, तर अर्ज करता येतो. अशा वेळी प्रभार सोडल्याच्या आदेशाची प्रत हाताशी हवीच.

शिक्षकांचे दोन मुख्य गट आहेत, एक विद्यापीठं-महाविद्यालयांचा आणि दुसरा पॉलिटेक्निकचा. पहिल्या गटात विषयांनुसार तीन भाग: एक अभियांत्रिकी, तंत्रज्ञान व वास्तुकला; दुसरा गणितासह मूलभूत विज्ञानं, वैद्यक व औषधनिर्माण; आणि तिसरा कला, सामाजिक शास्त्रं, भाषा, विधी, वाणिज्य व व्यवस्थापन. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांची तुलना आयआयटीतल्या प्राध्यापकांशी होत नाही, हे या रचनेतलं मला सगळ्यात न्याय्य वाटतं.

नाव कोण सुचवू शकतं

अर्ज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, म्हणजे अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर, ऑनलाइनच भरायचा असतो. शिक्षकदिनाच्या काही महिने आधी नामांकनं मागवली जातात आणि मुदत तिथेच जाहीर होते. शिक्षक स्वतः अर्ज करू शकतो, संस्था नामांकन करू शकते, किंवा शैक्षणिक क्षेत्रातले सहकारी करू शकतात.

यांतली स्वतः अर्ज करण्याची वाट सगळ्यात सोपी, आणि आपल्या लोकांना तीच सगळ्यात अवघड जाते. "मी चांगली शिकवते" असं स्वतःच्या सहीनं लिहायला हात धजत नाही. त्यामुळे प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी हे ओझं आपल्या अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. स्टाफ कौन्सिलच्या एका बैठकीत हा विषय घ्या, दोन नावं ठरवा, कागद गोळा करायला एका तरुण सहकाऱ्याची मदत द्या. एवढं झालं तरी निम्मं काम होतं.

सेवेची कागदपत्रं

नेमणुकीचा आदेश, परिवीक्षा संपल्याचा आदेश, बढतीचे आदेश, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पदव्या, संस्थेकडून अनुभवाचा दाखला. शिस्तभंगाची किंवा दक्षताविषयक कारवाई चालू नसल्याचं पत्रही स्थापना शाखेतून वेळेत मागून ठेवा. शासकीय महाविद्यालयात अशा पत्राला कधी अतिरिक्त संचालकांच्या कार्यालयापर्यंत जावं लागतं, आणि उन्हाळ्याच्या सुटीत फाइल हलत नाही.

इंदूरच्या मराठी कुटुंबांत हमखास अडणारी जागा म्हणजे नाव. पदवी पुण्याची किंवा नागपूरची असेल तर तिच्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिहेरी नाव असतं. इथल्या सेवा पुस्तिकेत मधलं नाव गळलेलं असतं. बायकांच्या बाबतीत तर दहावीला माहेरचं आडनाव, पीएचडीला दोन्ही आडनावं आणि आधारवर फक्त सासरचं, असे तीन कागद आणि तीन माणसं उभी राहतात. छाननी करणाऱ्याला आपल्या चालीरीती ठाऊक असतीलच असं नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीकडचं शपथपत्र आधीच करून ठेवा. पोर्टलवर नाव लिहिताना आधारवर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा.

शिकवण्याचा आणि पाठीशी उभं राहण्याचा पुरावा

इथे बहुतेक अर्ज ढिले पडतात. "विद्यार्थ्यांना सतत मार्गदर्शन केले" हे वाक्य प्रत्येकाच्या अर्जात असणार, आणि त्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदवी स्तरावरच्या शिक्षकानं दिवसाला किमान दोन तास विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी द्यावेत आणि एका समन्वयकाकडे किमान १५ विद्यार्थी असावेत, असं म्हटलं आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठीही महाविद्यालयाला मेंटॉर-मेंटी याद्या, म्हणजे कोणत्या शिक्षकाकडे मार्गदर्शनासाठी कोणते विद्यार्थी आहेत याच्या याद्या, ठेवाव्या लागतात. म्हणजे यादी प्रत्येक महाविद्यालयात आहे. त्या यादीसमोर काय घडलं, हे लिहिलेलं नसतं. मी आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, कामात मार्गदर्शनाच्या वह्या पाहते तेव्हा वाईट वाटतं. तारीख, सही, आणि शेऱ्याच्या रकान्यात ओळीनं "समाधानकारक".

वही कशी असावी याचा एक नमुना देते. बारा ऑगस्टची नोंद: "बीएससी द्वितीय वर्ष. सांवेरहून बसनं येते, सकाळचं पहिलं प्रात्यक्षिक दर वेळी चुकतं. बॅच बदलून दुपारची करून दिली. 'गाँव की बेटी' योजनेचा अर्ज भरलेला नाही, तो भरून घ्यायचा." मग सप्टेंबरमध्ये: "अर्ज भरला, पावती पाहिली. चुकलेली प्रात्यक्षिकं शनिवारी करून घेतली." आणि निकालानंतर एक ओळ: "रसायनशास्त्रात पास. पुढे एमएससी करायचं म्हणते." एवढंच. या नोंदीत अडचण आहे, शिक्षकानं केलेली कृती आहे आणि पुढे काय झालं तेही आहे. परीक्षक अशा दहा नोंदी वाचेल तेव्हा त्याला तो शिक्षक डोळ्यांसमोर दिसेल.

अर्जासोबत अशा नोंदी जोडताना विद्यार्थ्याचं नाव, अनुक्रमांक, आजारपण किंवा घरची भांडणं यातलं काहीही बाहेर जाऊ देऊ नका. झाकलेली प्रत काढा. मुलीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट पुरस्काराच्या फाइलमध्ये जाणं योग्य नाही, मग पुरावा थोडा कमी पडला तरी चालेल.

वर्गातल्या कामासाठी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे संकलित तक्ते, लागोपाठच्या काही वर्षांचे विषयवार निकाल, स्वतः तयार केलेलं साहित्य, ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण-पोर्टलवर अभ्यासक्रम असल्यास त्याचा तपशील, हे जमवा. निकाल दाखवताना टक्केवारीच्या बरोबरीनं मुलं कुठून कुठे आली ते दाखवा. बारावीला कशीबशी पास झालेली तुकडी तिसऱ्या वर्षी पहिल्या श्रेणीत गेली असेल, तर ती आधीच हुशार असलेल्या तुकडीच्या शंभर टक्के निकालापेक्षा जास्त बोलते.

मध्य प्रदेशानं २०२१-२२ पासून पदवीला नव्या धोरणाचा अभ्यासक्रम लावला, आणि त्यात प्रकल्प, इंटर्नशिप किंवा लोकसहभागाचं काम आलं. या निमित्तानं मुलांना घेऊन गावात, वस्तीत, कारखान्यात गेलेल्या शिक्षकांकडे अहवालांचे गठ्ठे पडून आहेत. समाजाभिमुख उपक्रमांसाठी हेच गठ्ठे उपयोगी पडतील. त्यात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं आणि उन्नत भारत अभियानातली कामंही घाला. ढीगभर फोटोंपेक्षा ग्रामपंचायतीचं एक पत्र बरं.

माजी विद्यार्थ्यांची पत्रं जरूर जोडा. आता पुण्या-मुंबईत स्थायिक झालेला विद्यार्थी मराठीत पत्र लिहील, आणि ते मराठीतच जास्त जिवंत असेल. त्याला आडकाठी करू नका, सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर द्या. पत्रात "आदरणीय सरांचे उपकार" येऊ देऊ नका. सरांनी नेमकं काय केलं आणि त्यामुळे काय बदललं, ते लिहायला सांगा.

अर्ज भरताना आणि त्यानंतर

पोर्टलवर लिहायच्या जागा मर्यादित असतात. मजकूर आधी वेगळा लिहून, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊन मगच चिकटवा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल शिक्षकाचा स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. जमा झाल्याची पोच उतरवून ठेवा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

निवड दोन टप्प्यांत होते. आधी शोध व छाननी समिती निवडक नावांची यादी काढते, मग त्या यादीतून निवड समिती अंतिम नावं ठरवते.

विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी महाविद्यालय व विद्यापीठातल्या विज्ञान शिक्षकांसाठी स्वतंत्र शिक्षक पुरस्कार देते. त्याचे नियम वेगळे आहेत, पण वर सांगितलेली फाइल तिथेही तशीच कामाला येते.

अतिथी विद्वानांचं काय

नियमित नेमणुकीच्या अटीमुळे अतिथी विद्वान, म्हणजे शासकीय महाविद्यालयांत तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणारे शिक्षक, राष्ट्रीय पुरस्काराच्या बाहेर राहतात. आपल्या शासकीय महाविद्यालयांत कित्येक विषय त्यांच्याच भरवशावर चालतात, आणि मुलं ज्यांच्याकडे अडचण घेऊन जातात त्यांत त्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या कामाची नोंद व्हायलाच हवी.

याचा मार्ग महाविद्यालयातच आहे. प्रत्येक शासकीय महाविद्यालयात जनभागीदारी समिती, म्हणजे महाविद्यालयाच्या कारभारात लोकसहभागासाठीची समिती, असते आणि तिच्याकडे स्वतःचा निधी असतो. उत्कृष्ट अध्यापन आणि विद्यार्थी-मार्गदर्शनासाठी महाविद्यालय पातळीवर वार्षिक पुरस्कार सुरू करण्याचा प्रस्ताव प्राचार्यांमार्फत या समितीपुढे ठेवता येतो. प्रस्तावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. नियमित आणि अतिथी दोघेही पात्र असतील. निवडीत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला ठरावीक वजन असेल. निवड समितीत निदान एक सदस्य बाहेरच्या महाविद्यालयातला असेल. रक्कम लहान असली तरी चालेल, प्रमाणपत्रावर केलेल्या कामाचं नेमकं वर्णन मात्र हवं. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला जाताना अतिथी विद्वानाला तेच प्रमाणपत्र फाइलमध्ये लावता येईल.