कम्युनिटी कॉलेजचं पहिलं वर्ष : कॅम्पसवर कधी काय असतं आणि काय चुकवायचं नाही

अमेरिकेला निघालेल्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

व्हिसा हातात पडला की आमच्याकडून तुम्हाला दोन गोष्टी मिळतात. एक सोबत न्यायच्या कागदपत्रांची यादी आणि दुसरं हे माहितीपत्रक. यादी सगळेच जपतात. हे पत्रक मात्र "कार्यक्रमांचं काय, नंतर बघू, आधी अभ्यास" असं म्हणत बॅगेच्या तळाशी जातं. कृपा करून तसं करू नका. तिथल्या कॅम्पसवर होणाऱ्या बऱ्याच कार्यक्रमांत पुढच्या विद्यापीठाच्या प्रवेशाची, शिष्यवृत्तीची, व्हिसाच्या नियमांची माहिती मिळते, आणि ती सांगणारा माणूस स्वतः चालत तुमच्या कॉलेजात आलेला असतो.

आमची एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात शिकत होती. अभ्यासात उत्तम. तिचा एक तास सकाळी आठला असायचा आणि दुसरा दुपारी दोनला. मधल्या वेळेत ती बसने खोलीवर जायची, जेवायची आणि परत यायची. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ग्रंथालयासमोर एका विद्यापीठाचं टेबल मांडलेलं दिसलं म्हणून ती थांबली. तिथल्या प्रतिनिधीने पहिलाच प्रश्न विचारला, "टॅग भरलंस ना?" तिने तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. टॅग म्हणजे ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी, आणि ट्रान्स्फर म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली पहिली दोन वर्षं संपवून पुढचं शिकायला विद्यापीठात जाणं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ) ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी देतात. यातल्या एकाच कॅम्पससाठी अर्ज करता येतो आणि तो भरायचा असतो १ ते ३० सप्टेंबर या महिन्याभरातच. तिच्या कॉलेजात त्याची कार्यशाळा सप्टेंबरमध्ये दोनदा झाली होती, दोन्ही वेळा दुपारी बारा ते एक. तेव्हा ती बसमध्ये होती. पुढे तिला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला, पण एप्रिलपर्यंत तिच्या घरात कुणाला धड झोप नव्हती. हे पत्रक आम्ही तेव्हापासून द्यायला लागलो.

कार्यक्रम भर दुपारीच का असतात?

याचं कारण या कॉलेजांच्या घडणीतच आहे. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं; अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आसपासच्या मुलांना घरी राहून कमी खर्चात पहिली दोन वर्षं शिकता यावं आणि मग विद्यापीठात जाता यावं, हा त्यामागचा विचार. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. त्यांतल्या बहुतेकांना वसतिगृह नाही. वर्गात तुमच्या शेजारी बसलेला मुलगा तास संपला की थेट कामावर जातो, बाईंना मुलीला शाळेतून आणायचं असतं. त्यामुळे संध्याकाळी कार्यक्रम ठेवला तर कोणी थांबत नाही. यावर बऱ्याच कॉलेजांनी एक तोडगा काढला आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस दुपारी तासभर वर्ग कमी ठेवायचे आणि त्या वेळेत सगळं उरकायचं. याला कुठे 'कॉलेज अवर' म्हणतात, कुठे 'ॲक्टिव्हिटी अवर'. तुमच्या कॉलेजात तो कधी असतो ते पहिल्याच आठवड्यात विचारा आणि तेवढा वेळ मोकळा राहील असं वेळापत्रक लावा. डबा सोबत न्या. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम झालं.

आणखी एक. तुमच्या फीच्या पावतीत 'स्टुडंट ॲक्टिव्हिटी फी' किंवा तशाच नावाची एक छोटी रक्कम दिसेल. क्लब, व्याख्यानं, स्वागताचे कार्यक्रम बहुधा त्याच पैशातून होतात. म्हणजे तिथे जाताना पाहुण्यासारखं अवघडून जायचं कारण नाही, तुमचा वाटा आधीच भरलेला आहे.

ऑगस्ट आणि सप्टेंबर

आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन चुकवायचं नाही, मग विमानातून उतरून एकच दिवस झालेला असो. पासपोर्ट, व्हिसा आणि आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) घेऊन जा. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत कॉलेजला तुमची नोंद 'सेव्हिस' या सरकारी प्रणालीत करावी लागते, आणि त्याची सुरुवात याच भेटीत होते. राहायचा पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं, सत्राला किमान १२ क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेलं अभ्यासाचं माप) घ्यायची, त्यांत ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो, हे सगळं तिथे सांगतात. आम्हीही सांगितलेलं आहेच, पण त्यांच्या तोंडून पुन्हा ऐका. तुमच्या फाइलवर सही करणारा अधिकारी कोण, त्याचा चेहरा ओळखीचा होतो. पुढे अडचण आली की त्या ओळखीचा फार आधार वाटतो.

मग येतो वेलकम वीक आणि त्याला जोडून क्लबांची जत्रा. कॅलिफोर्नियात तिला 'क्लब रश' म्हणतात, इतरत्र 'इन्व्हॉल्व्हमेंट फेअर'. मैदानात घडीची टेबलं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकावर हाताने रंगवलेला पुठ्ठ्याचा फलक, चॉकलेटची वाटी आणि नाव लिहायला एक कागद. रोबोटिक्स, नर्सिंगची पूर्वतयारी, बुद्धिबळ, पर्यावरण, कविता, कसलेही क्लब असतात. मुलं उत्साहात दहा कागदांवर ई-मेल लिहून येतात आणि एकाही बैठकीला जात नाहीत. आमचा सल्ला असा : दोनच निवडा, एक तुमच्या विषयाचा आणि एक निव्वळ आवडीचा, आणि पहिल्या तीन बैठकांना काहीही झालं तरी जा. तिसऱ्या बैठकीला लोक तुम्हाला नावाने हाक मारायला लागतात. परक्या देशात पहिल्या महिन्यात कुणी आपलं नाव बरोबर उच्चारणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते गेल्यावर कळेल.

आता जे सांगतो आहोत ते घरच्यांनीही वाचावं. सप्टेंबरमध्ये, विशेषतः निवडणुकीच्या वर्षी, कॅम्पसवर मतदार नोंदणीची टेबलं लागतात. 'नॅशनल व्होटर रजिस्ट्रेशन डे' सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी असतो. टेबलामागचे स्वयंसेवक हसतमुख असतात, हातात पॅड देतात, "एक मिनिटाचं काम आहे" म्हणतात. त्यांना तुमचं नागरिकत्व माहीत नसतं. तुम्ही मात्र तो फॉर्म भरायचा नाही आणि सही करायची नाही. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असं लिहून द्यावं लागतं. एफ-१ व्हिसावरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या शिकायला आलेल्या, विद्यार्थ्याने ते लिहून दिलं, अगदी न वाचता दिलं, तरी ते नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतं आणि त्याचे परिणाम व्हिसा जाण्यापर्यंत, देश सोडावा लागण्यापर्यंत पोचतात. "मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आहे" एवढं म्हटलं की पुरतं, कोणी वाईट वाटून घेत नाही. कॅम्पसवर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वरपासून खालपर्यंत वाचायची सवय इथूनच लावून घ्या.

१७ सप्टेंबरला संविधान दिन असतो. १७८७ मध्ये या दिवशी अमेरिकेच्या संविधानावर सह्या झाल्या. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने त्या दिवशी काहीतरी शैक्षणिक कार्यक्रम करावा, असा २००४ पासून कायदाच आहे. त्यामुळे तुमच्याही कॉलेजात व्याख्यान किंवा चर्चा असण्याची शक्यता मोठी आहे. इतिहास किंवा राज्यशास्त्राचा विषय घेतला असेल तर प्राध्यापकांना आधी विचारा. अशा कार्यक्रमाला हजर राहून पानभर टिपण लिहिलं तर काही प्राध्यापक जादा गुण देतात. दारातल्या हजेरीच्या कागदावर नाव लिहायला विसरू नका.

ऑक्टोबर ते डिसेंबर

हा काळ ट्रान्स्फरचा. ट्रान्स्फर फेअरला एकाच दिवशी अनेक विद्यापीठांचे प्रतिनिधी येतात. पहिल्या वर्षी "मला काय, अजून वर्ष आहे" असं वाटतं, पण खरा उपयोग पहिल्याच वर्षी होतो, कारण विषय बदलायला तेव्हा वेळ हातात असतो. जाताना घेतलेल्या विषयांची यादी न्या आणि नेमकं विचारा : माझा हा गणिताचा विषय तुमच्याकडे कशाच्या बदल्यात धरला जाईल? या शाखेसाठी ट्रान्स्फरआधी कुठले विषय पूर्ण हवेत? माहितीपुस्तिका सगळ्यांनाच मिळते, या प्रश्नांची उत्तरं मात्र विचारणाऱ्यालाच मिळतात. प्रतिनिधीचं कार्ड घ्या आणि त्याच रात्री दोन ओळींचं आभाराचं ई-मेल पाठवा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे नियमित अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमा करायचे असतात. शेवटची तारीख नोव्हेंबरअखेर किंवा त्याला लागूनच येते, आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा असल्याने ऐन मोक्याला कार्यालयं बंद असतात. निबंध तपासून देण्याच्या कार्यशाळा त्याआधी होतात. त्यांना जाताना कच्चा मसुदा तरी हातात असू द्या.

नोव्हेंबरमध्ये इंटरनॅशनल एज्युकेशन वीक असतो. तो २००० पासून साजरा होतो. या आठवड्यात आपल्या मुलांना आपल्या देशाबद्दल बोलायला बोलावतात. लाजू नका. दहा मिनिटं मराठीतल्या बाराखडीबद्दल बोललात तरी लोक मन लावून ऐकतात. ८ नोव्हेंबरला अनेक कॉलेजांत 'फर्स्ट जनरेशन' विद्यार्थ्यांचा दिवस असतो. १९६५ चा उच्च शिक्षण कायदा याच तारखेला झाला. तुमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारे तुम्ही पहिलेच असाल तर या दिवशी आवर्जून जा. व्यासपीठावर बोलणाऱ्या प्राध्यापकांतले काही तुमच्यासारख्याच घरातून आलेले असतात.

दिवाळीचा कार्यक्रम करावा असं दरवर्षी कुणाला तरी वाटतं आणि ते ऑक्टोबर उजाडल्यावर वाटतं. तेव्हा उशीर झालेला असतो. सभागृहाची नोंदणी, विद्यार्थी परिषदेकडून निधीची मंजुरी, खाण्याचे पदार्थ वाटायची परवानगी यांत आठवडे जातात. पणत्या पेटवायच्या असतील तर आगीच्या नियमांमुळे नकार येऊ शकतो, बॅटरीवरच्या पणत्यांची तयारी ठेवा. स्वतःचा क्लबच काढायचा असेल तर थोडे सभासद आणि सल्लागार म्हणून एक प्राध्यापक लागतो. हे सप्टेंबरमध्येच हलवा.

डिसेंबरमधल्या परीक्षांच्या आठवड्यात ग्रंथालय जास्त वेळ उघडं ठेवतात, कुठे फुकट नाश्ता देतात. जा आणि खा.

जानेवारी ते मे

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिन असतो. सुट्टी असते, पण १९९४ पासून तो सेवेचा दिवस म्हणूनही पाळला जातो. बाग साफ करणं, अन्नपेढीत खोकी भरणं अशी कामं कॉलेजच्या गटातर्फे होतात. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये आठवड्याने सुरुवात केली, १९७६ पासून महिना झाला. ज्या देशात राहायला आलो त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर हा महिना सोडू नका. फुले-आंबेडकर वाचलेल्या मुलाला तिथल्या चर्चेत आपल्याकडचं कितीतरी सांगता येतं.

वसंत सत्रात करिअर फेअर भरतात. जरूर जा, रेझ्युमे द्या, बोलायची सवय होईल. पण पहिल्या शैक्षणिक वर्षात एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येते. कोणी "रोख देऊ, कागद नको" म्हणालं तर तिथून निघा.

रक्तदान शिबिराचं सांगायला हवं, कारण तिथून हिरमुसून परतलेले विद्यार्थी आम्हाला फोन करतात. मलेरिया असलेल्या देशात वर्षानुवर्षं राहून आलेल्या माणसाला तिथे साधारण तीन वर्षं रक्त देता येत नाही. नियम रक्त घेणाऱ्याच्या सुरक्षेसाठी आहे, तो मनाला लावून घेऊ नका. शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मदतीला उभे राहा, तिथे माणसं नेहमीच कमी पडतात.

गुण चांगले असतील तर फाय थीटा कापा या मानाच्या संस्थेचं पत्र येईल. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीची ही संस्था १९१८ पासून आहे. साधारण १२ क्रेडिट आणि ३.५ च्या आसपास जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लागतो. नाव नवखं वाटल्याने आमच्या काहींनी ते फसवं ई-मेल समजून पुसून टाकलं. पुसू नका, कॉलेजातल्या शाखेकडे खात्री करून घ्या. त्यांच्या सभासदांसाठी विद्यापीठांच्या खास ट्रान्स्फर शिष्यवृत्त्या असतात.

पदवीदान मे किंवा जूनमध्ये. विषय पूर्ण झाले की पदवी आपोआप मिळेल असं समजू नका. बहुतेक ठिकाणी 'ग्रॅज्युएशन पिटिशन' नावाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची मुदत बरीच आधी संपते. समारंभाला घरचे येणार असतील तर त्यांच्या व्हिसाची मुलाखत महिनोन्‌महिने आधी ठरवावी लागते. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा.

निघण्याआधीच्या शेवटच्या भेटीला येताना तुमच्या कॉलेजचं ॲकॅडेमिक कॅलेंडर छापून आणा आणि सोबत एक कोरी डायरी. वर सांगितलेल्या तारखा तुमच्या कॉलेजच्या कॅलेंडरशी ताडून आपण त्या डायरीत समोरासमोर बसून लिहू. मुदतीच्या तारखा लाल शाईने, बाकीच्या निळ्या. साधारण दोन तास लागतात. आई-बाबांपैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या.